बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई आणि त्यांची लेक

अर्धापूर तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही समन्वयक. गटाच्या बैठकीत हप्ता, कर्ज, व्याज असा सगळा हिशेब झाला की बाया म्हणतात, ताई, जिजाऊ ऐकली, सावित्रीबाई ऐकली, अहिल्याबाई ऐकली, आता आणखी कुणाचं तरी सांगा. म्हणून आज बडोद्याच्या एका मराठी राणीची गोष्ट घेतली आहे. तिचं नाव महाराणी चिमणाबाई गायकवाड. या राणीने देशातल्या बायांसाठी पुस्तक लिहिलं, परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं, उद्योगाची शाळा काढली. पण तिची सगळ्यांत अवघड परीक्षा झाली ती घरातच, पोटच्या लेकीपुढे. ती परीक्षा आज आपल्या गावोगाव चालू आहे, म्हणून ही गोष्ट नीट ऐका.

बडोदा गुजरातेत. पण तिथले गायकवाड राजे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या दावडी गावचे. पेशव्यांच्या काळात मराठी फौजा गुजरातेत गेल्या, त्यांतले हे सरदार तिथेच राजे झाले. प्रजा गुजराती, राजवाड्यातली बोली मराठी. पुरणपोळी, हळदीकुंकू, गौरी-गणपती, सगळं आपल्यासारखंच.

चिमणाबाईंच्या आधी त्यांच्या सासूची, जमनाबाईंची ओळख करून घेऊ. त्यांचे पती खंडेराव महाराज १८७० साली वारले. गादीवर दीर मल्हारराव बसले. त्यांचा कारभार इतका बिघडला की १८७५ साली इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं. मग विधवा जमनाबाईंना दत्तक घ्यायचा अधिकार मिळाला. गायकवाडांच्या भाऊबंदकीतली मुलं शोधली गेली. आपल्या नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचं गाव आहे. तिथल्या काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळ हा त्यांतला एक. शेतकऱ्याचं घर. पोरगा बारा वर्षांचा झाला तरी त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. असं सांगतात की, मुलांना विचारलं, तुम्ही इथं कशाला आलात? बाकीचे गप्प राहिले, गोपाळ म्हणाला, राज्य करायला. जमनाबाईंनी त्यालाच मांडीवर घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं सयाजीराव.

हेच महाराजा सयाजीराव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली अमेरिकेला शिकायला शिष्यवृत्ती दिली ती यांनीच. स्वतः बाराव्या वर्षापर्यंत पाटीला हात न लागलेला माणूस. अक्षर न येण्याचं दुःख काय असतं ते त्यांना ठाऊक होतं. १८९३ साली त्यांनी अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली सगळ्या राज्यात कायदा लागू केला. मुलांना सातव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत आणि मुलींना सातव्यापासून दहाव्यापर्यंत शाळेत पाठवायलाच पाहिजे. नाही पाठवलं तर आई-बापाला दंड. त्या काळी आपला नांदेड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शाळेची भाषा उर्दू, आणि खेड्यात मुलींची शाळा म्हणजे शोधून सापडायची नाही. आपल्या पणज्या तेव्हा दुसऱ्याच्या शेतात निंदायला जात होत्या, आणि बडोद्याकडे त्याच वयाच्या मुली शाळेत नाही गेल्या तर सरकार दंड करत होतं. एकाच देशात दोन राज्यं, आणि बाईच्या नशिबात एवढा फरक.

आता चिमणाबाई. सयाजीरावांचं पहिलं लग्न १८८० साली झालं. पहिल्या राणी दूर दक्षिणेतल्या तंजावरच्या. तंजावरलाही मराठ्यांचं राज्य होतं ना, तिथल्या त्या लेक. माहेरचं नाव लक्ष्मीबाई, सासरी नाव ठेवलं चिमणाबाई. त्यांच्यासोबत तंजावरहून नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचं पथक आलं, त्यामुळे दक्षिणेतलं नृत्य बडोद्यात पोहोचलं. पण राणीचं आयुष्य थोडंच निघालं. क्षयाच्या आजाराने १८८५ साली त्या वारल्या, वय अवघं एकवीसच्या आसपास. दोन मुली झाल्या त्याही लहानपणीच गेल्या, मागे राहिला एक मुलगा, फत्तेसिंहराव. राजवाड्यात डॉक्टर होते, दाया होत्या, पैसा होता. तरी त्या काळी क्षयावर औषधच नव्हतं.

त्याच वर्षी डिसेंबरात सयाजीरावांचं दुसरं लग्न झालं. नवरी मध्य प्रदेशातल्या देवासची, घाटग्यांच्या घरातली. नाव गजराबाई. वय तेरा-चौदा. आणि बायांनो, लग्नात तिचंही नाव चिमणाबाईच ठेवलं. गेलेल्या सवतीचं नाव या पोरीला मिळालं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्या मुलाकडून नवं नाव लिहून घेतात, माहेरचं नाव त्या तांदळाखाली जातं. राजवाड्यातही तेच झालं. म्हणून इतिहासात या राणीला दुसऱ्या चिमणाबाई म्हणतात. आपली गोष्ट यांचीच.

ही पोर राजवाड्यात आली तेव्हा तिला फारसं लिहिणं-वाचणं येत नव्हतं. सयाजीरावांनी शिक्षक ठेवले, तिला शिकवलं. मराठी झालं, इंग्रजी झालं. पुढे त्या टेनिस खेळायला लागल्या, बंदूक चालवायला शिकल्या, वाघाच्या शिकारीत त्यांचा नेम चुकत नसे. सयाजीरावांची प्रकृती बरी नसायची, झोप लागायची नाही, म्हणून औषधपाण्यासाठी ते विलायतेला जायचे. चिमणाबाई सोबत असायच्या. इंग्लंड, फ्रान्स, पुढे अमेरिका, जपान, एवढं जग त्यांनी पाहिलं. तिथल्या बायका दुकानं चालवतात, दवाखान्यात काम करतात, शेतीचं शास्त्र शिकतात, सभा भरवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि मनात साठवलं.

पण घरी आलं की पडदा. मोठ्या मराठा घराण्यांत बायांनी परपुरुषासमोर यायचं नाही, अशी रीत होती. शेतात राबणाऱ्या बाईला पडदा परवडत नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण आपल्या भागातल्या जुन्या देशमुख-पाटलांच्या वाड्यात ज्या म्हाताऱ्या नांदल्या, त्यांना विचारा. दिवसा उंबरठा ओलांडायचा नाही, विहिरीवर जायचं तर पहाटे. चिमणाबाई विलायतेत उघड्या तोंडाने फिरायच्या आणि बडोद्यात पाय ठेवला की पडद्याआड बसायच्या. असं पुष्कळ वर्षं चाललं.

१९११ साली त्यांचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. सोबत एस. एम. मित्र नावाचे लेखक होते. पुस्तक इंग्रजीत आहे, नाव 'द पोझिशन ऑफ विमेन इन इंडियन लाइफ', म्हणजे हिंदुस्थानी जीवनात बाईचं स्थान काय, असा विषय. पुढारलेल्या देशांत बायका कोणकोणते उद्योग करतात, कशा संघटना बांधतात आणि त्यांतलं आपल्या बायांना काय घेता येईल, याचा त्यात विचार आहे. बायांच्या हाताला काम, हातात पैसा आणि एकमेकींची साथ, या गोष्टींवर आज आपले गट उभे आहेत. एका मराठी राणीच्या नावाने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्याची चर्चा छापली गेली होती.

आता तेच १९११ साल लक्षात ठेवा. कारण त्याच वर्षी घरात वादळ उठलं.

चिमणाबाईंना चार लेकरं. जयसिंहराव, शिवाजीराव, धैर्यशीलराव असे तीन मुलगे आणि एक मुलगी, इंदिराराजे. ती १८९२ सालची. एकुलती एक लेक, लाडाची. आई-बापांनी तिला भावांसारखंच वाढवलं. तिला बडोद्याच्या कॉलेजात घातलं. त्या काळी राजघराण्यातली मुलगी कॉलेजात जाते हे नवलच होतं.

आणि तिचं लग्न ठरवलं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. स्थळ कसं? सगळ्या हिंदुस्थानात मराठ्यांचं त्याहून मोठं घर नाही. राजा कर्तबगार. सयाजीरावांचा आणि शिंद्यांचा चांगला घरोबा. फक्त दोन गोष्टी होत्या. शिंदे महाराज तिच्याहून सोळा वर्षांनी मोठे होते, आणि त्यांची पहिली राणी नांदत होती. पहिलीला मूल नव्हतं, म्हणून दुसरी करायची होती. शिवाय ग्वाल्हेरचा पडदा बडोद्यापेक्षा कडक. कॉलेजात शिकलेली, जग पाहिलेली इंदिरा तिथे जाऊन कायमची पडद्याआड बसणार होती. साखरपुडा झाला होता, लग्नाची खरेदी चालली होती.

डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीला इंग्रज बादशहाचा मोठा दरबार भरला. देशभरचे राजे-महाराजे कुटुंबासह तिथे तंबू ठोकून राहिले. तिथे इंदिराच्या मनात एक मुलगा भरला. कूचबिहारच्या राजाचा धाकटा भाऊ जितेंद्र. कूचबिहार म्हणजे पार बंगालच्या उत्तरेला, भूतानच्या पायथ्याशी.

मग इंदिराने काय केलं? तिने कागद घेतला आणि सरळ शिंदे महाराजांनाच पत्र लिहिलं, की मला हे लग्न करायचं नाही. आई-बापांना विचारलं नाही, कारण उत्तर काय येणार ते तिला ठाऊक होतं. इकडे बडोद्याच्या घरी ही गोष्ट कळली ती ग्वाल्हेरहून तार आल्यावर. विचार करा बायांनो, मांडव पडायच्या बेताला मुलीने स्वतः सोयरीक मोडली. आजही आपल्या गावात असं झालं तर काय होईल? तो तर १९११ सालचा राजवाडा होता.

चिमणाबाई संतापल्या. ज्यांनी जगभरच्या बायांच्या हक्कांचा विचार केला, त्यांना हे सहन झालं नाही. त्यांची कारणं आपल्याला ओळखीची वाटतील. मुलगा आपल्या जातीचा नाही. बंगाली आहे, भाषा वेगळी, रीतीभाती वेगळ्या. त्या घरचा धर्मही ब्राह्मो समाजाचा. राहणी फार विलायती. धाकटा मुलगा, गादी थोरल्याची. आणि सगळ्यांत मोठं कारण, लोक काय म्हणतील? शिंद्यांसारख्या घराला दिलेला शब्द मोडला, आता मराठा मंडळात तोंड कसं दाखवायचं? मुलीला समजावलं, रागे भरलं, तिने त्या मुलाला भेटू नये म्हणून पहारा ठेवला. दीड वर्ष हे चाललं. मुलगी हलली नाही. शेवटी जुलै १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं. नोंदणी कचेरीत सही झाली, ब्राह्मो पद्धतीने विधी झाला. आई-बाप लग्नाला नव्हते.

इथे थोडं थांबून तिच्या सासरची एक हकिकत सांगतो, कारण दोन्ही घरांची गोष्ट एकाच जागी येऊन अडते. इंदिराची सासू सुनीतीदेवी. सुनीतीदेवींचे वडील केशवचंद्र सेन, बंगालचे फार मोठे सुधारक. त्यांच्या खटपटीने १८७२ साली विवाहाचा एक नवा कायदा झाला. त्या कायद्याने लग्न करायचं तर मुलगी चौदाची आणि मुलगा अठराचा पूर्ण पाहिजे. त्या काळात हे फार धाडसाचं होतं. आणि सहा वर्षांनी, १८७८ साली, कूचबिहारच्या राजाचं स्थळ आलं तेव्हा याच केशवचंद्रांनी आपली लेक चौदाची व्हायच्या आत उजवली. नवरा मुलगाही सोळाचा झाला नव्हता. त्यांच्या अनुयायांना धक्का बसला. लोक म्हणाले, जगाला सांगता आणि स्वतःच्या घरी हे? त्या लग्नावरून ब्राह्मो समाज फुटला, साधारण ब्राह्मो समाज म्हणून दुसरी संस्था निघाली.

पाहा कसं आहे. एका घरी मोठं स्थळ आलं म्हणून सुधारक बापाने लेकीचं वय पाहिलं नाही. दुसऱ्या घरी मोठं स्थळ मोडलं म्हणून सुधारक आईने लेकीचं मन पाहिलं नाही. दोन्ही माणसं थोर. त्यांनी समाजासाठी केलेलं काम खरं आहे, ते खोटं ठरत नाही. पण स्वतःच्या लेकीचा प्रश्न आला की भल्याभल्यांची पावलं अडखळतात. दुसऱ्याच्या लेकीसाठी सभेत बोलणं सोपं असतं.

पुढे काय झालं ते ऐका. लग्नानंतर दोनच महिन्यांत जितेंद्रचे थोरले भाऊ वारले आणि जितेंद्र राजे झाले. इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या. इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजित, गायत्री, मेनका अशी पाच लेकरं झाली. पण संसार नऊच वर्षांचा. डिसेंबर १९२२ मध्ये जितेंद्र गेले. इंदिराराजे तिसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात पाच मुलं, थोरला मुलगा सात वर्षांचा. त्या काळची रीत काय होती, हे सांगायला नको. पण या बाईने कोपरा धरला नाही. मुलगा सज्ञान होऊन १९३६ साली कारभार हाती घेईपर्यंत त्यांनी त्याच्या वतीने राज्य सांभाळलं. हलक्या शिफॉनच्या साड्यांची चाल आपल्याकडे त्यांनी रुळवली असं मानतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली, मग शासनानेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. त्याच्या शंभर वर्षं आधी एक मराठी लेक विधवा झाल्यावर राज्याचा कारभार पाहत होती. शिक्षण होतं म्हणून हे जमलं, आणि ते शिक्षण तिला दिलं कुणी? तिच्यावर रागावलेल्या त्याच आई-बापांनी.

आता चिमणाबाईंकडे परत येऊ. लेकीचं लग्न झालं १९१३ साली. १९१४ साली चिमणाबाईंनी पडदा सोडला आणि सयाजीरावांच्या शेजारी उघडपणे समारंभात बसायला लागल्या. महाराणीच पडदा टाकते म्हटल्यावर सरदारांच्या घरांतल्या बायांनाही धीर आला. त्याच वर्षी बडोद्यात बायांसाठी उद्योगालय निघालं, महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय. विधवा, गरजू, घरात अडकलेल्या बायांनी शिवण, भरतकाम, हातकाम शिकावं आणि चार पैसे कमवावेत, हा त्याचा हेतू. आपले गट आज पापड, मसाले, हळद पावडर, केळीचे वेफर्स करतात, त्याच वाटेवरचं ते जुनं घर आहे. लेकीच्या धक्क्यामुळे आईने पडदा सोडला असं आम्ही म्हणत नाही, तसं म्हणायला पुरावा नाही. पण सालं एकापुढे एक मांडली की क्रम दिसतो. आधी पुस्तक, मग लेकीचं पत्र, मग लेकीचं लग्न, मग आईचा पडदा गळाला.

जानेवारी १९२७ मध्ये पुण्याला देशभरच्या बायांची परिषद भरली. अखिल भारतीय महिला परिषद. तिची ही पहिली बैठक आणि पहिल्या अध्यक्ष चिमणाबाई. मुलींना शिक्षण कसं मिळेल हा मुख्य विषय. बोलता बोलता बाया एका गोष्टीवर येऊन थांबल्या. मुलीचं लग्नच लहानपणी झालं तर ती शिकणार कधी? म्हणून लग्नाचं वय वाढवा, ही मागणी पुढे आली. १९२९ साली देशात शारदा कायदा झाला, मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा. बडोद्यात तर बालविवाह रोखायचा कायदा १९०४ सालीच झाला होता. आज मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस आहे. हे वय आपोआप वाढत आलेलं नाही. यात पुण्याच्या त्या मांडवात बसलेल्या बायांचाही हात आहे.

चिमणाबाईंचं उतारवय सुखाचं गेलं नाही. दारूचं व्यसन या राजघराण्यातही शिरलं होतं. सवतीचा मुलगा फत्तेसिंहराव १९०८ साली पंचविशीत गेला. स्वतःचे मुलगे शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंहराव १९२३ साली गेले. १९३९ साली सयाजीराव गेले, गादीवर नातू बसला, प्रतापसिंहराव. १९४० साली तिसरा मुलगा धैर्यशीलरावही गेला. १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५८ साली चिमणाबाईंनी डोळे मिटले, तेव्हा त्यांच्या चार लेकरांपैकी एकच मागे होतं. ते म्हणजे इंदिरा. जिच्या लग्नाला आई गेली नव्हती, तीच लेक. आई-लेकीत मध्यंतरी समेट झाला होता. इंदिराराजेंची लेकरं बडोद्याला आजोळी यायची, लक्ष्मी विलास राजवाड्यात हुंदडायची.

त्या नातवंडांतली एक गायत्रीदेवी. जयपूरची महाराणी म्हणून तिचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आणि इथे चाक पुन्हा फिरलं बघा. ज्या इंदिराराजेंनी दुसरी राणी व्हायला नकार दिला होता, त्यांच्या लेकीला जयपूरचे महाराज मानसिंह आवडले, आणि त्यांच्या दोन राण्या आधीच नांदत होत्या. म्हणजे गायत्री तिसरी होणार! इंदिराराजेंना हे पसंत नव्हतं. त्यांनी लेकीला थांबायला लावलं, विचार कर म्हणाल्या. पण पहारा ठेवला नाही. लेक ठाम राहिली तेव्हा १९४० साली लग्न लावून दिलं. पुढे गायत्रीदेवींनी पडद्यात वाढणाऱ्या मुलींसाठी १९४३ साली जयपुरात शाळा काढली आणि १९६२ साली प्रचंड मतांनी लोकसभेवर निवडून आल्या. त्यांचं तिसरी राणी होणं आम्हाला पटलं असं नाही. पण चिमणाबाईंनी लेकीशी जे केलं आणि इंदिराराजेंनी लेकीशी जे केलं, त्यातला फरक पाहण्यासारखा आहे. एका पिढीत आई लग्नाला गेली नाही. दुसऱ्या पिढीत आईने मत सांगितलं आणि मग लेकीचा निर्णय मानला.

तुम्ही म्हणाल, ताई, ती राजा-राणीची माणसं. त्यांच्याकडे पैसा, आपल्याकडे सोयाबीनचा भाव नाही आणि हुंड्याची काळजी. खरं आहे. पण एका बाबतीत तो राजवाडा आणि आपलं पत्र्याचं घर सारखंच आहे, आणि ती बाब म्हणजे भीती. मराठवाड्यात अजून पोरींची लग्नं अठराच्या आत लावतात. का लावतात? आई-बाप ऊसतोडीला जाणार, पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, हे एक कारण. लहान पोरीला हुंडा कमी लागतो, हे दुसरं. आणि तिसरं कारण कुणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतं. पोरगी मोठी झाली, हातात मोबाइल आला, कुणावर तरी मन बसलं आणि पळून गेली तर? चार लोकांत मान खाली जायच्या आधी उजवून टाका. म्हणजे लेक स्वतः निवड करेल या धास्तीने आपण तिची शाळा तोडतो. दहावीत हुशार असलेली पोर अकरावीत दिसत नाही, आणि विचारलं तर कळतं, मामाच्या गावी गेली, तिकडेच लग्न झालं.

इंदिराच्या गोष्टीत आम्हाला एक गोष्ट मोठी वाटते. तिच्या मनाविरुद्ध लग्न ठरलं, तेव्हा तिने उचललेलं पहिलं पाऊल पळून जाण्याचं नव्हतं. तिने विहीर जवळ केली नाही. तिने पत्र लिहिलं, ज्या माणसाशी लग्न ठरलं होतं त्यालाच, स्वच्छ. मग दीड वर्ष आई-बापांचा राग सोसत घरातच राहिली. शिकलेल्या, वयाने एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला हे जमतं. चौदा-पंधराच्या पोरीला कुठून जमणार? तिला ना शब्द सापडतात, ना धीर. तिच्यापुढे दोनच वाटा राहतात, मुकाट्याने बोहल्यावर चढणं किंवा पळून जाणं. आपण ज्या गोष्टीला भितो, ती पोर लहान असताना जास्त घडते. शिकून मोठी झालेली लेक बोलते. तिचं बोलणं आपल्याला आवडेलच असं नाही, पण ती बोलते.

म्हणून आपल्या ठराव वहीत एवढ्यात दोन ठराव लिहू. पहिला, गटातल्या कुठल्याच बाईच्या घरी अठराच्या आत मुलीचं लग्न होणार नाही, आणि झालं तर आपण अक्षता टाकायला जाणार नाही. गावात असं लग्न ठरल्याचं कळलं तर बालविवाह थांबवायची कायद्याने जबाबदारी असलेला माणूस ग्रामसेवक आहे, त्याला सांगायचं. अंगणवाडीताईला सांगायचं. नाहीतर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन नंबर आहे, तो लावायचा. दुसरा ठराव थोडा अवघड आहे. अठरानंतरही, स्थळ ठरवायच्या आधी, लेकीला समोर बसवून विचारायचं, बाई, तुझं मन काय आहे? आणि ती जे सांगेल ते पूर्ण ऐकून मगच आपलं सांगायचं. पहिला ठराव सरकारच्या कायद्यात आहे. दुसऱ्यासाठी कायदा पुरत नाही, तो आईलाच पाळावा लागतो.

गटाच्या पुढच्या बैठकीला सोळा-सतराच्या पोरींनाही सोबत आणा. हिशेब झाला की आधी त्यांना बोलू देऊ.